सरकारी दप्तराचा पहारेकरी

जुन्या मराठी कागदपत्रांशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. एखादा महजर लांबला म्हणजे कागदाचे बंद एकाखालीं एक चिकटवून त्याची गुंडाळी करीत आणि जेथें दोन बंद जोडले जात त्या सांध्यावर पाठीमागून शिक्का उमटवीत. शिक्क्याचा अर्धा भाग वरच्या बंदावर, अर्धा खालच्या बंदावर. मधला बंद काढून कोणीं दुसरा चिकटविला तर शिक्क्याचीं दोन शकलें जुळत नसत आणि लबाडी तेथल्या तेथें उघडकीस येई. अखेरीस मोर्तब करीत, तेंहि याचसाठीं कीं, मजकूर संपल्यावर त्याखालीं कोणाला एक ओळहि वाढवितां येऊं नये. या व्यवस्थेंत गुप्तता कांहींच नव्हती. कागद कोणीहि वाचावा. त्यांत फेरफार झाला तर तो लपूं नये, एवढाच तिचा हेतु होता.

‘ब्लॉकचेन’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या कानीं आला तो बहुधा बिटकॉइन या नाण्याच्या सट्ट्याबरोबर. त्यामुळें या कल्पनेभोंवतीं भाबड्या अपेक्षा आणि तितकीच अवास्तव भीति जमा झाली आहे. कोणी म्हणतो, तिच्यामुळें सरकारी माहितीची चोरी कायमची बंद होईल. कोणी म्हणतो, हा सारा जुगाऱ्यांचा खेळ आहे. दोन्ही मतें चुकीचीं आहेत. नाण्याचा विषय बाजूला ठेवला तर ही कल्पना सांध्यावरच्या त्या शिक्क्याचीच आहे. शाईच्या जागीं आंकडे आले आहेत, इतकाच फरक. सरकारी दप्तराच्या रक्षणासाठीं ती कोठवर उपयोगी पडते आणि कोठें पडत नाहीं, हें पाहावयाचें असेल तर युरोपच्या ईशान्य कोपऱ्यांतील एस्टोनिया या देशाकडे पाहणें सोयीचें होईल. तेथें या उपायाची चांचणी २००८ सालींच सुरू झाली होती.

बाल्टिक समुद्राच्या कांठीं वसलेल्या या देशाची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास, म्हणजे पुणें शहराच्या निम्म्याहूनहि कमी आहे. १९४० सालीं सोव्हिएट फौजांनीं तो व्यापला. पुढें सुमारें तीन वर्षें तेथें जर्मनांचा अंमल होता. आणि १९४४ पासून पुन्हां सोव्हिएट सत्ता आली. १९९१ च्या ऑगस्टमध्यें देशाला स्वातंत्र्य परत मिळालें. त्याच वर्षीं एक कायदा होऊन, १९४० नंतर सरकारजमा झालेल्या जमिनी व घरें मूळ मालकांना अथवा त्यांच्या वारसांना परत देण्याचें धोरण ठरलें, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें आपल्या आजोबा-पणजोबांच्या नांवच्या नोंदींचा आधार शोधूं लागलीं. तीन वेळां राज्य उलटलें तरी ज्याची नोंद शाबूत होती त्याला आपला हक्क सांगतां आला. दप्तराची किंमत या पिढीला पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं.

याच पिढीनें पुढें आपला सारा कारभार कागदावरून संगणकावर नेला. निरनिराळ्या खात्यांनीं एकमेकांकडून माहिती मागवावी यासाठीं ‘एक्स-रोड’ नांवाची यंत्रणा २००१ सालीं सुरू झाली, आणि २००२ पासून नागरिकांना विद्युत् स्वाक्षरी करतां येणारीं ओळखपत्रें मिळूं लागलीं. कर भरणें, औषधाची चिठ्ठी, कंपनीची नोंदणी, न्यायालयांतील दावे, सारें हळूहळू तेथेंच आलें. २०१० पासून तर देशाचें राजपत्र अधिकृतपणें केवळ संगणकावरच प्रसिद्ध होतें. या शेवटच्या गोष्टीवर क्षणभर थांबावयास हवें. छापील राजपत्राच्या प्रती ग्रंथालयांत, कचेऱ्यांत, वकिलांच्या कपाटांत विखुरलेल्या असत. कायद्यांतला एक शब्द गुपचूप बदलावयाचा तर त्या साऱ्या प्रती गोळा कराव्या लागल्या असत्या. कागदाची अस्सल प्रतच नसेल तर ‘शकेल’ च्या जागीं ‘पाहिजे’ कोणी केव्हां घातलें हें सांगणार कोण?

अशा स्थितींत २००७ चा एप्रिल महिना आला. राजधानी टॅलिन येथील सोव्हिएट सैनिकाचा एक ब्राँझचा पुतळा शहराच्या मध्यभागांतून लष्करी दफनभूमींत हलविण्यांत आला. रशियन भाषिक नागरिकांत प्रक्षोभ उसळला, दोन रात्रीं दंगल झाली, आणि २७ एप्रिलपासून देशाच्या संगणकयंत्रणेवर हल्ले सुरू झाले. ते सुमारें तीन आठवडे चालले. त्यांची रीत तशी अडाणीच होती. एखाद्या दुकानाच्या दारांत हजारों खोटीं गिऱ्हाइकें उभीं करावीं, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाला आंत शिरतां येत नाहीं. बँका, वर्तमानपत्रें आणि सरकारी खातीं यांचीं दारें तशीं अडविलीं गेलीं. हा दार अडविण्याचा प्रकार होता, आंतल्या नोंदी बदलण्याचा नव्हता.

परंतु त्यामुळेंच जाणत्या लोकांपुढें अधिक अवघड प्रश्न उभा राहिला. दार अडलें कीं तें सर्वांना दिसतें. मात्र कोणीं गाजावाजा न करतां आंत शिरून एका शेताचा मालक, एका रोग्याचा रक्तगट किंवा एका निकालाची तारीख बदलली तर? चोरी झाली म्हणजे तिजोरी रिकामी दिसते. येथें ती भरलेलीच दिसणार, फक्त नाणें खोटें असणार. शिवाय असें करणारा परकाच असेल असेंहि नाहीं. दप्तरखान्याच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याला कुलूप फोडावें लागत नाहीं. नोंदींत कोणीं केव्हां काय बदललें हें टिपून ठेवणारी वहीदेखील त्याच्याच ताब्यांत असते. परकीय शत्रूपासून दप्तर राखण्याचे उपाय पुष्कळ आहेत. दप्तर राखणाऱ्यापासूनच तें कसें राखावें, हा खरा पेंच होता.

येथें त्या आंकड्यांच्या शिक्क्याकडे वळावें लागतें. कोणताहि मजकूर, मग तो दोन ओळींचा दाखला असो कीं हजार पानांचा ग्रंथ, एका ठराविक गणिती क्रियेंतून काढला म्हणजे त्यापासून एक निश्चित लांबीची आंकड्यांची माळ मिळते. तिला इंग्रजींत ‘हॅश’ म्हणतात. मराठींत अंकमुद्रा म्हणावयास हरकत नाहीं. हल्लीं सर्वत्र वापरांत असलेल्या एका पद्धतींत ही माळ आंकडे व अक्षरें मिळून ६४ चिन्हांची असते. मजकुरांत एक काना जरी बदलला तरी सबंध माळ ओळखूं न येण्याइतकी बदलते. ‘चार एकर’ चें ‘चौदा एकर’ केलें तर नव्या मुद्रेंत जुनीचा मागमूसहि उरत नाहीं. पूर्वीं हुंडींत रकमेखालीं तिची निमे रक्कमहि लिहीत, ती याच काळजीनें. पण तेथें केवळ रक्कम राखली जाई, येथें अक्षर न् अक्षर राखलें जातें. उलट, मुद्रेवरून मूळ मजकूर काढणें शक्य होत नाहीं. अशा निरनिराळ्या मुद्रांची संख्या लिहावयाची तर ७८ आंकडी होईल, आणि एकच मुद्रा असलेले दोन भिन्न मजकूर या पद्धतींत आजवर कोणाला सांपडलेले नाहींत.

तथापि नुसती मुद्रा पुरत नाहीं. जो कारकून नोंद बदलील तो नव्या नोंदीची नवी मुद्राहि काढील आणि जुनीच्या जागीं ठेवून देईल. अमेरिकेंतील बेलकोर या संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनीं या अडचणीवर १९९१ सालीं एक तोडगा प्रसिद्ध केला. प्रत्येक नव्या नोंदीची मुद्रा काढतांना तिच्या अगोदरच्या नोंदीची मुद्राहि तींत मिसळावी, म्हणजे त्यांची एक साखळी बनते. मधली एक कडी बदलावयाची तर तिच्यापुढच्या साऱ्या कड्या बदलाव्या लागतात. हाच तो सांध्यावरचा शिक्का. पण साखळी राखणाराच अप्रामाणिक निघाला तर तो शेंड्यापर्यंतच्या साऱ्या कड्या नव्यानें घडवील, त्याचें काय? त्यावर त्यांचा उपाय इतका घरगुती होता कीं, त्याचें कौतुक वाटल्याखेरीज राहत नाहीं. साखळीच्या शेवटच्या कडीची मुद्रा वर्तमानपत्रांत जाहिरात म्हणून छापून टाकावी! १९९५ पासून दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ च्या सूचना आणि हरवल्या-सांपडल्याच्या सदरांत आंकड्यांची व अक्षरांची एक अगम्य ओळ येऊं लागली. ती बदलावयाची तर त्या दिवशींच्या साऱ्या छापील प्रती जगांतून नाहींशा करावयास हव्यात. बिटकॉइनचा प्रबंध २००८ च्या ऑक्टोबरांत आला. त्यांतहि या दोघांच्या लेखनाचा आधार घेतलेला आहे. म्हणजे नाणें मागाहून आलें, साखळी आधींची आहे.

सरकारी दप्तराच्या बाबतींत आणखी एक अडचण उभी राहते. दर क्षणाला हजारों नोंदी होणार. प्रत्येकीसाठीं स्वतंत्र कडी घडवीत बसणें परवडणारें नाहीं. राल्फ मर्कल या अमेरिकन गणितज्ञानें १९७९ सालीं दाखविलेली एक युक्ति येथें कामास येते. दोन-दोन मुद्रा एकत्र करून त्यांची एक मुद्रा काढावी, तशा दोहोंची पुन्हां एक, आणि असें करीत एकाच शिखरमुद्रेपर्यंत जावें. दहा लाख नोंदींचें शिखर वीस पायऱ्यांत गांठतां येतें. आपली नोंद त्या दहा लाखांत होती हें एखाद्याला सिद्ध करावयाचें झालें तर त्याला उरलेल्या नोंदी दाखवाव्या लागत नाहींत. वाटेवरच्या वीस मुद्रा दाखविल्या कीं पुरे. शेजाऱ्याची नोंद झाकलेली राहते आणि याची सिद्ध होते.

एस्टोनियानें स्वीकारलेली व्यवस्था या दोन कल्पनांच्या संयोगांतून झालेली आहे. अहतो बुल्दास आणि मार्त सारेपेरा या एस्टोनियन शास्त्रज्ञांनीं ती रचली, आणि गार्डटाइम नांवाच्या कंपनीनें ती चालविली. खात्याच्या संगणकांतून नोंद बाहेर जातच नाहीं. जाते ती केवळ तिची मुद्रा. अशा सर्व मुद्रांचें दर सेकंदाला एक शिखर बनतें, तें सेकंदामागून सेकंद साखळींत गुंफलें जातें, आणि ठराविक काळानें साखळीची मुद्रा ‘फायनॅन्शियल टाइम्स’ सारख्या वृत्तपत्रांत छापली जाते. येथें नाणें नाहीं, खाण नाहीं, सट्टा नाहीं. काटेकोर विद्वान् तर यास ब्लॉकचेन म्हणावें कीं नाहीं याचाच वाद घालतात, कारण बिटकॉइनप्रमाणें अनोळखी मंडळींच्या सहमतीवर ही साखळी उभी नाहीं. तो वाद त्यांनीं खुशाल घालावा. ज्याचें शेत आहे त्याला नांवाशीं कर्तव्य नाहीं.

२०१२ पासून ही व्यवस्था प्रत्यक्ष कारभारांत आली. न्यायखात्याच्या वारसाहक्काच्या नोंदवहीला हा मान प्रथम मिळाला, आणि मग आरोग्य, मालमत्ता, कंपन्या, न्यायालयें व राजपत्र यांच्या नोंदी तिच्या छायेखालीं आल्या. पहिली निवड वारसाहक्काची झाली याचें नवल वाटावयास नको. मृत्युपत्राच्या वादांत साक्ष देणारा मुख्य माणूस जगांत नसतो. एखाद्या विधवेनें म्हणावें, यजमानांचें मृत्युपत्र मार्चमध्यें नोंदलें गेलें. दिरानें म्हणावें, तें मागाहून घुसडलें. आणि नोंदवही ज्याच्या हातीं तो अधिकारी दिराचा स्नेही असावा. अशा प्रसंगीं पूर्वीं त्या बाईला अधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागे. आतां नोंदीची मुद्रा काढून ती मार्च महिन्याच्या त्या सेकंदाच्या शिखराशीं ताडून पाहतां येते, आणि तें शिखर वर्तमानपत्रांत छापलेल्या ओळीशीं. जुळलें तर नोंद तेव्हांची आणि तशीच. न जुळलें तर कोणाचा तरी हात त्या नोंदीला लागला आहे. यासाठीं मंत्र्याची सही नको, अधिकाऱ्याची कृपा नको, कंपनीवर विश्वासहि नको.

मात्र या व्यवस्थेकडून जें होणार नाहीं तेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे, कारण तिचे व्यापारी तें सांगत नाहींत. साखळी नोंदीचा खरेपणा राखते, नोंदींतल्या विधानाचा नव्हे. मुळांतच खोटी नोंद झाली असेल तर ती खोटी नोंद वज्रलेप होऊन बसते. मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत जमिनीच्या नोंदी अशा साखळीवर नेण्याची घोषणा २०१५ सालीं मोठ्या गाजावाजानें झाली आणि काम लवकरच रखडलें. तें पुढें गेलें असतें तरी, जेथें एकाच जमिनीला दोन मालक आपापले कागद घेऊन उभे असतात तेथें कोणता कागद खरा हें गणित सांगूं शकत नाहीं.

महाराष्ट्रांतहि याचा एक प्रयोग झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली या आदिवासी भागांत २०२२ सालीं सुमारें ६५ हजार जातीचे दाखले एका सार्वजनिक साखळीशीं जोडण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. जातीच्या दाखल्यावर तेथल्या मुलांची शिष्यवृत्ति, प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते, आणि बनावट दाखल्यांचा उपद्रव खऱ्या हक्कदारालाच अधिक होतो. दाखला कचेरींतून दिला गेला तेव्हां जसा होता तसाच आहे कीं नाहीं, हें दूरच्या शहरांतील महाविद्यालयाला पत्रव्यवहार न करतां पाहतां यावें, ही सोय लहान नाहीं. पण दाखला कोणाला मिळावा, चौकशींत कोणता पुरावा ग्राह्य धरावा, हें पडताळणी समितीच ठरविणार. ज्याला कचेरीच्या पायरीवरूनच परत पाठविलें त्याची साखळींत कडीच नसते.

दुसरी मर्यादा गुप्ततेची. नोंद बदलली तर साखळी ओरडून सांगते. नोंद चोरून वाचली तर ती मूक राहते. त्यासाठीं कुलुपें, परवाने आणि शहाणीं माणसें हींच लागतात. एस्टोनियाची ‘एक्स-रोड’ यंत्रणा ब्लॉकचेनवर चालते असें पुष्कळ ठिकाणीं छापून आलें. तें खरें नाहीं, आणि ती चालविणाऱ्या संस्थेनेंच २०१८ सालीं तसा खुलासा केला. तिसरी मर्यादा अशी कीं, बिघाड दाखविणें निराळें आणि दुरुस्ती निराळी. बदललेली नोंद पकडली गेली तरी मूळ मजकूर कोठें तरी शिल्लक हवा. म्हणून एस्टोनियानें २०१७ च्या जूनमध्यें लक्झेंबर्गशीं करार करून आपल्या महत्त्वाच्या नोंदींच्या प्रती त्या देशांत ठेवण्याची व्यवस्था केली. त्या जागेला परकीय वकिलातीसारखेंच संरक्षण आहे. देश व्यापला गेला तर दप्तर सीमेबाहेर असावें, हा विचार १९४० च्या आठवणींतून आलेला दिसतो.

त्याच वर्षीं या साऱ्या रचनेची एक कसोटीहि लागली. चेक प्रजासत्ताकांतील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना ओळखपत्रांतील बारीक यंत्रभागांत एक दोष आढळला. स्वाक्षरीची गुप्त किल्ली ज्या रीतीनें तयार होई ती रीतच सदोष होती, आणि पुरेसें बळ खर्च करणाऱ्याला ती किल्ली गणितानें शोधून काढतां आली असती. ऑगस्टच्या अखेरीस ही वार्ता सरकारला कळली. सरकारनें ती सप्टेंबरांत जाहीर केली, आणि नोव्हेंबरच्या आरंभीं सुमारें साडेसात लाख ओळखपत्रांचीं प्रमाणपत्रें स्थगित करून नागरिकांना नव्या किल्ल्या दिल्या. स्वाक्षरी किल्लीच्या गुप्ततेवर उभी असते. किल्ली फुटली कीं जुन्या स्वाक्षऱ्यांविषयींहि संशय सुरू होतो. अंकमुद्रेच्या साखळींत अशी गुप्त किल्लीच नाहीं. जो दस्तऐवज दोष उघडकीस येण्यापूर्वीं साखळींत गुंफला गेला होता तो त्या दिवशीं अस्तित्वांत होता, हें ओळखपत्र निकामी झाल्यावरहि दाखवितां येतें.

या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक उपयोग मात्र नोंदींवर नव्हे, नोंदी उघडणाऱ्यांवर होतो. आपली आरोग्याची माहिती कोणत्या वैद्यानें केव्हां उघडली, हें एस्टोनियांतील नागरिकाला घरीं बसून पाहतां येतें. अकारण ती उघडणें हा तेथें अपराध आहे. पण ही यादी पाहतां येण्याला अर्थ केव्हां, तर आपलें नांव तींतून कोणालाहि पुसून टाकतां येत नसेल तेव्हां. २०१६ सालापासून आरोग्यखात्यानें या यादीलाहि साखळीचें संरक्षण देण्याचें काम सुरू केलें. एखादी स्त्री यादी उघडते. ज्या गांवीं ती कधीं गेली नाहीं तेथील एका डॉक्टराचें नांव, तारीख आणि वेळ यांसह तिला दिसतें. आणि ती त्याला कारण विचारते. त्याला उत्तर द्यावें लागतें, कारण ती ओळ तेथें आहे.